चुकलेली चिठ्ठी

पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिणेला साउथ माउंटन नावाची बुटकी, लांबलचक डोंगररांग आहे आणि तिच्या अंगाखांद्यावर मिशो नावाचे सरकारी जंगल पसरलेले आहे. या जंगलापासून तासाभराच्या अंतरावर मी राहतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथे भटकत असतो. तिथल्या एका पायवाटेच्या कडेला, ओकच्या दाट सावलीत, दोन पुरुष उंचीचे एक रोपटे उभे आहे. पहिली दोन वर्षे मी त्याच्याजवळून कित्येकदा गेलो असेन, पण माझे लक्ष कधी गेले नव्हते. चेस्टनट हे खाण्याजोग्या फळांचे झाड वाचवण्यासाठी झटणाऱ्या आमच्या मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला तिथे थांबवून त्याचे पान हातात दिले. वीतभर लांब, होडीसारखे निमुळते पान, आणि कडेचा प्रत्येक दात आकड्यासारखा पुढे वळलेला. अमेरिकन चेस्टनट ओळखायचा तो असा.

मग तिने बोटाने खोडाकडे दाखवले. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर साल उभी चिरली होती, कडा फुगल्या होत्या आणि त्या भेगेभोवती टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके उठले होते. देवळाबाहेरच्या दगडाला शेंदराची बोटे पुसावीत तसा तो रंग होता. त्या व्रणाच्या वरची एक फांदी भर जुलैत वाळलेली होती आणि तिची तपकिरी पाने गळून न पडता तशीच लटकत होती. ‘दोन वर्षे काढील,’ ती म्हणाली. त्यानंतर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतील, तेही वाढतील आणि एक दिवस त्यांच्यावरही हेच ठिपके उठतील. मुळे मात्र जिवंत राहतात, कारण हे ठिपके ज्या बुरशीचे आहेत तिचे मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांपुढे काही चालत नाही.

या बुरशीने जे केले त्याला जंगलांच्या इतिहासात तोड नाही. जपानमधून रोपवाटिकांसाठी आणलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर ती अमेरिकेत आली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातले वनाधिकारी हर्मन मर्केल यांना तिथली झाडे वाळताना दिसली. त्यानंतर अर्धशतक उलटायच्या आत मेन राज्यापासून अलाबामापर्यंतची तीन ते चार अब्ज झाडे गेली. अॅपलाचियन डोंगरांच्या काही भागांत दर चार झाडांमागे एक झाड चेस्टनटचे होते. त्याच्या लाकडाला कीड किंवा कूज लवकर लागत नसे, म्हणून घरे, कुंपणे, तारेचे खांब सगळे त्याचेच असे. सालीतल्या टॅनिनवर कातडी कमावली जात. हिवाळ्यापूर्वी पडणाऱ्या फळांवर अस्वले, टर्की, खारी आणि डोंगरातली गरीब कुटुंबेही वर्ष काढीत.

ज्या राज्यात मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियाने १९११ मध्ये या रोगाशी लढण्यासाठी एक आयोग नेमला होता आणि त्याला पावणेतीन लाख डॉलर दिले होते, जी त्या काळी फार मोठी रक्कम होती. बाधित झाडे शोधून तोडायची आणि रोगाला पश्चिमेकडे सरकू द्यायचे नाही, अशी योजना होती. दोन वर्षांत ती गुंडाळावी लागली. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर, पावसाच्या थेंबांबरोबर आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून पुढे जातच राहिले. दरम्यान, झाड मरणारच असेल तर त्याआधी त्याचे लाकूड तरी हाती लागावे, म्हणून जमीनमालकांनी धडधाकट झाडेही सरसकट तोडली. त्या तोडीत उपजत प्रतिकारशक्ती असलेली काही झाडेही गेली असतील, असे अनेक अभ्यासकांना वाटते. गेली असोत वा नसोत, आता ते तपासण्याचा मार्ग उरलेला नाही.

एवढी पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की आता याच झाडाला वाचवण्यासाठी, त्यात गव्हातले एक जनुक घालून तयार केलेले चेस्टनट थेट जंगलात सोडण्याची परवानगी मागितलेली आहे. मी चेस्टनटवर जीव असलेल्या मंडळींपैकी आहे आणि तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे. माझ्या मंडळातल्या निम्म्या लोकांना हा विरोध मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे काम सिरॅक्यूस येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या पर्यावरण व वनशास्त्र महाविद्यालयात झाले. विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड या दोन प्राध्यापकांनी त्यासाठी तीस वर्षांच्या आसपास खर्च केली. त्यांची कल्पना सुंदर होती, हे कबूल केलेच पाहिजे. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि त्या आम्लाने सालीखालचा जिवंत थर मारत खोडाभोवती कडे घालते. गव्हात ऑक्झॅलेट ऑक्सिडेझ नावाचे एक विकर (एन्झाइम) असते, जे या आम्लाचे विघटन करते. ते विकर बनवणारे जनुक चेस्टनटमध्ये घातले, तर बुरशी मरत नाही, पण तिचे हत्यार बोथट होते आणि झाड व्रण घेऊनही उभे राहते. बुरशीला मारायचे नाही, तिच्याशी जमवून घ्यायचे, हा विचार कीटकनाशकांच्या विचारापेक्षा कितीतरी सुसंस्कृत आहे. तयार झालेल्या वाणाला ‘डार्लिंग ५८’ असे नाव मिळाले. मराठी वाचक गालात हसतील, म्हणून सांगतो की डार्लिंग हे या कामाला सुरुवातीपासून पाठबळ देणाऱ्या एका गृहस्थांचे आडनाव आहे, आणि ५८ हा जनुक-रोपणाच्या त्या विशिष्ट घटनेचा क्रमांक आहे. जानेवारी २०२० मध्ये महाविद्यालयाने अमेरिकेच्या कृषी खात्याकडे हा वाण नियमनातून मुक्त करण्याचा अर्ज केला.

‘नियमनातून मुक्त’ या शब्दांवर थोडे थांबायला हवे. परवानगी मिळाली की कुठे किती झाडे लावली, ती कशी वाढली, त्यांचे पराग कुठवर गेले, याची नोंद ठेवण्याचे या खात्याचे बंधन उरत नाही. खात्याच्या नजरेत ते झाड आणि रानातले झाड एकच होतात. शेतातल्या जनुकीय पिकांबाबत निदान वादाचा विषय तरी असा असतो की पराग शेजारच्या शेतात जाऊ नयेत. अंतर ठेवा, बांधावर साध्या वाणाचे पट्टे लावा, असे नियम असतात. इथे मात्र पराग जंगलात जावेत, हाच मूळ हेतू आहे. जनुक घातलेल्या झाडाचा रानटी चेस्टनटशी संकर झाला की निम्म्या फळांत ते जनुक उतरते, आणि पुढे पिढ्यानपिढ्या ते असेच पसरत जावे, अशी योजना आहे. समर्थकांच्या मते यामुळे रानातल्या चेस्टनटची आनुवंशिक विविधता टिकेल. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण पसरणे हाच ज्याचा उद्देश, ते पुढे चुकीचे ठरले तर आवरायचे कोणी आणि कसे, याचे उत्तर अर्जाच्या शेकडो पानांत मला सापडले नाही.

मी वऱ्हाडातला आहे. आमच्या घरी कपाशी असते, आणि जनुकीय बियाण्याबद्दल मला घरबसल्या जे शिकायला मिळाले ते विद्यापीठात मिळाले नसते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला, असे सगळ्यांना वाटले होते. पंधरा वर्षांच्या आत शेंदरी बोंडअळीने दोन-दोन बीटी जनुकांना दाद देणे बंद केले आणि विदर्भातल्या बोंडाबोंडांत ती पुन्हा दिसू लागली. तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीचे बियाणे तर सरकारच्या नाकाखालून गावोगाव पोचले आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे, जाहीर करून पेरले. त्या आंदोलनाच्या बाजूने बोलण्यासारखेही बरेच आहे, पण तो विषय इथला नाही. कपाशी निदान दर साली उपटली जाते. वाण फसला तर पुढच्या मृगाला दुसरा घेता येतो. चेस्टनट मात्र दोन-दोनशे वर्षे जगतो, आणि चाचण्यांतली डार्लिंग झाडे सगळी कोवळ्या वयाची आहेत. त्यांनी जंगलात एकही लांब दुष्काळ किंवा एकही पूर्ण आयुष्य काढलेले नाही.

बाबांना फोनवर हे सगळे समजावून सांगत होतो, तर त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. ‘मंग थे बियाणं कोन इकते?’ मी म्हणालो, कोणी विकत नाही, संशोधक नफ्याशिवाय वाटणार म्हणतात. बाबा गप्प राहिले. त्यांना ते पटलेले नव्हते. त्यांच्या शंकेत तथ्य आहे, हे मला नंतर वाचताना जाणवले. २००९ च्या सुमारास ‘फॉरेस्ट हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यामागे अमेरिकेचे वनखाते होते, वनोद्योगाशी जोडलेला एक निधी होता आणि ड्यूक एनर्जी ही वीज कंपनीही होती. जंगलांच्या आरोग्यासाठी जैवतंत्रज्ञान वापरता येते का, हे तपासण्यासाठी त्यांनी पहिले झाड म्हणून चेस्टनट निवडला. निवड अचूक होती. ज्या झाडाच्या नावाने लोकांच्या डोळ्यांत पाणी येते, ज्याला मारल्याचा ठपका माणसावर आहे आणि जे विकून कोणी गबर होणार नाही, त्याला विरोध करणारा माणूस दुष्टच दिसतो. एकदा त्या झाडासाठी दार उघडले की मागून येणाऱ्यांना ते उघडेच मिळते.

मागे कोण उभे आहेत, ते फार शोधावे लागत नाही. चीनने २००२ मध्येच कीडरोधक पॉपलर लागवडीसाठी मोकळे केले. ब्राझीलने एप्रिल २०१५ मध्ये जलद वाढणाऱ्या जनुकीय निलगिरीला परवानगी दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात तिथल्या भूमिहीनांच्या चळवळीतल्या सुमारे एक हजार बायकांनी साओ पावलो राज्यात, ती निलगिरी तयार करणाऱ्या कंपनीच्या रोपवाटिकेत शिरून रोपे उपटून टाकली होती. जॉर्जिया राज्यात २०२३ मध्ये एका नव्या कंपनीने अधिक कार्बन शोषण्यासाठी बदललेले पॉपलर लावले. जनुक घालण्याची त्यांची पद्धत कृषी खात्याच्या नियमांच्या व्याख्येत बसत नव्हती, म्हणून त्यांना लांबलचक तपासणीतून जावेच लागले नाही. भारतात जून २०२१ मध्ये रबर बोर्डाने गुवाहाटीजवळ जनुकीय रबराची प्रायोगिक लागवड केली. ही सगळी लागवडीतली, कुंपणातली झाडे आहेत, आणि प्रत्येक उदाहरण सारखेच धोक्याचे आहे असे मी म्हणणार नाही. रानात मुद्दाम पसरवण्यासाठीचा चेस्टनट मात्र यांच्यात एकटाच आहे. जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २००६ मध्ये क्युरिचिबाला आणि २००८ मध्ये बॉनला जनुकीय झाडांबाबत सावधगिरी बाळगण्याचे ठराव केले. भारत त्या करारात आहे. अमेरिकेने त्यावर सही केली, पण आजतागायत त्याला मंजुरी दिलेली नाही.

आता चिठ्ठीची, म्हणजे झाडाच्या नावपट्टीची, गोष्ट.

आमच्या मंडळाची एक छोटी बाग आहे. तिथे जनुक-रोपण होत नाही. चिनी चेस्टनटचा प्रतिकार संकराने अमेरिकन झाडात आणण्याचा जुना, कंटाळवाणा उद्योग चालतो. जूनमध्ये शिडीवर चढून मादी फुलांवर कागदी पिशव्या बांधायच्या, काही दिवसांनी त्या सोडून निवडलेल्या झाडाचे पराग काचपट्टीवरून फुलाला लावायचे, पिशवी पुन्हा बांधायची आणि फांदीला अॅल्युमिनियमची पट्टी अडकवून तिच्यावर आई-बापांचे क्रमांक कोरायचे. काही वर्षांपूर्वी एकदा माझ्या खिशात परागांच्या दोन कुप्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा शिडीवर चढलो, तेवीस पिशव्या उरकल्या आणि मग माझ्या लक्षात आले की कुठली कुपी आधी काढली होती हे मला खात्रीने सांगता येत नाही. तसे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्या निवृत्त शिक्षिकेने काहीही न बोलता लाल फीत आणली आणि त्या तेवीसही पिशव्यांना बांधली. या फांद्यांचे एकही फळ पेरले जाणार नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली ती वाचताना मला ती फीत आठवत होती. ज्या झाडांवर वर्षानुवर्षे प्रयोग चालले होते, ज्यांचे पराग इतर संशोधकांकडे गेले होते, ती डार्लिंग ५८ नव्हतीच. ती डार्लिंग ५४ होती, म्हणजे रोपणाच्या वेगळ्याच घटनेतून निघालेली झाडे. त्यांच्यात नवे जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर बसले होते, आणि तेही झाडाच्या स्वतःच्या एका जनुकाच्या मधोमध. कधीतरी, कुठेतरी पराग किंवा पट्टी बदलली होती. १९८३ पासून चेस्टनटसाठी झटणाऱ्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने त्याच महिन्यात या वाणाचा पाठिंबा काढून घेतला. झाडांची वाढ मंद आहे आणि रोग सोसण्याची त्यांची ताकद झाडागणिक कमी-जास्त आहे, असेही त्यांनी सांगितले. महाविद्यालयाला ते मान्य झाले नाही; झाडे निर्धोक आहेत असे म्हणून त्यांनी अर्ज ५४ च्या नावाने पुढे चालवला. प्राध्यापक पॉवेल आदल्याच महिन्यात वारले होते. आयुष्यभराच्या कामावर असा शेवट यावा, याचे मला खरोखर वाईट वाटले, आणि विरोधकांपैकी काहींनी ज्या उत्साहाने ती बातमी फिरवली तो मला आवडला नाही.

तरीही एक विचार मनातून जात नाही. कृषी खात्याने २०२२ च्या अखेरीस पर्यावरणीय परिणामांचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवली होती, आणि वारे परवानगीच्या बाजूचे होते. चूक वर्षभर उशिरा सापडली असती आणि निर्णय वर्षभर लवकर झाला असता, तर ५८ चे नाव लावलेली ५४ क्रमांकाची झाडे आज पूर्वेच्या जंगलांत उभी असती. सर्वांत काळजीपूर्वक काम करणाऱ्या, नियत साफ असलेल्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि सगळ्या जगाची नजर असलेल्या प्रयोगशाळेत जर चिठ्ठी चुकते, तर ज्यांना तिमाहीचा हिशेब द्यायचा आहे त्यांच्याकडे काय होईल? मला त्यांच्या अप्रामाणिकपणाची भीती नाही. मला माझ्यासारख्या, जेवणानंतर खिशात दोन कुप्या घेऊन शिडी चढणाऱ्या माणसाची भीती आहे.

माझ्या मंडळातले मित्र यावर म्हणतात की तुझी सावधगिरीही फुकट नाही. दर वर्षी काही बुंधे कायमचे मरतात आणि तुझ्या संकरांना शंभर वर्षे लागतील. हा आक्षेप मी सहज झटकू शकत नाही. संकराचे काम अपेक्षेपेक्षा फार अवघड निघाले आहे. चिनी झाडाचा प्रतिकार दोन-तीन जनुकांत असेल, असे सुरुवातीला वाटले होते; तो अनेक जनुकांत विखुरलेला निघाला. व्हर्जिनियातल्या मेडोव्ह्यू इथल्या शेतावर तीन दशकांहून अधिक काळ हजारो झाडे लावून, त्यांना मुद्दाम रोग लावून, बहुतेक उपटून टाकली जात आहेत. व्हर्जिनियातच दुसरा एक गट रोगातून तगलेल्या अस्सल अमेरिकन झाडांचेच आपसांत संकर करतो. २०१५ मध्ये मेन राज्यात ११५ फूट उंचीचा अमेरिकन चेस्टनट सापडला, तेव्हा आमच्या मंडळात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि दक्षिणेकडच्या ओल्या मातीत चेस्टनटची मुळे कुजवणारा दुसरा एक रोग आहे, ज्याच्यावर गव्हाचे जनुक काहीच करत नाही. तेव्हा नवे झाड सोडले की रान पूर्ववत होईल, हे चित्रही खरे नाही. माझ्या मित्रांना घाई आहे ती मला समजते. १९११ च्या आयोगालाही घाईच होती.

२०१९ मध्ये फाउंडेशनच्या मॅसॅच्युसेट्स व ऱ्होड आयलंड शाखेतल्या दोन जुन्या पदाधिकाऱ्यांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला. मी राजीनामा दिलेला नाही. कृषी खात्याला दोन पानांचे पत्र पाठवले आणि दर जूनमध्ये शिडी धरायला जातो. आता कुप्या एका वेळी एकच घेतो.

माझ्या कुप्यांचा घोळ झाला त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही लाल फितीच्या फांद्या आधी उतरवल्या. चेस्टनटची बोंडे साळिंदरासारखी काटेरी असतात, कातड्याचे दोन-दोन हातमोजे घालूनही टोचतात. शिक्षिकेने घडीच्या टेबलावर वही उघडली. मी पिशवी फोडून बोंडे मोजायचो, ती आकडा लिहायची आणि मग सगळे पत्र्याच्या पिंपात, जाळायला. बावीस पिशव्या बरोबर जुळल्या. तेविसावी खालून कुरतडलेली होती. आत बोंडाची रिकामी फाक होती आणि तीन फळांच्या तीन खुणा. मी झाडाखाली वाकून पाचोळा उचकत बसलो. ती माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, ‘खार,’ आणि वहीत त्या क्रमांकासमोर तसे लिहून तिने पान उलटले.